वॉरंटी संपलेल्या इलेक्ट्रिक कारच्या दुरुस्तीचे मोठे कोटेशन हाती आले तर काय करावे

इलेक्ट्रिक कारला इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच नसल्यामुळे तिचा नेहमीचा देखभाल खर्च कमी येतो, हे खरे आहे. मात्र जे थोडे बिघडते ते बहुधा ॲल्युमिनियमच्या बंद डब्यातील इलेक्ट्रॉनिक असते, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो डबा उघडून दुरुस्त केला जात नाही, तर पूर्ण बदलला जातो. त्यामुळे आतला एखादा रिले किंवा फ्यूज गेला असला तरी कोटेशन अख्ख्या डब्याचे निघते आणि ते लाखाच्या पुढे जाऊ शकते. हुंदाई कोना २०१९ मध्ये आणि एमजी झेडएस ईव्ही व टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आल्या. त्यांतील पहिल्या गाड्यांची सर्वसाधारण वॉरंटी केव्हाच संपली आहे. अशी गाडी विदर्भातील दारव्हा, आर्वी, मेहकर किंवा ब्रह्मपुरीसारख्या गावात दुसऱ्या मालकाकडे असेल, तर उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेवर काम करू शकणारा प्रशिक्षित माणूस बहुतेक वेळा नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला जाऊनच गाठावा लागतो.

अशा वेळी एक गोष्ट पक्की धरून चालावे. कोटेशन म्हणजे निदान नव्हे. कोणता भाग गेला, तो गेल्याचा पुरावा काय आणि तो कशामुळे गेला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. कारण बिघाडाचे मूळ तसेच राहिले, तर नवा भागही त्याच वाटेने जातो आणि त्या वेळी दाद मागायला जागा उरत नाही.

गाडी बंद पडली त्या ठिकाणी

पडद्यावर आलेली सूचना, किलोमीटरचा आकडा, बॅटरीची टक्केवारी आणि दिवसाची वेळ यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. गाडी चार्जिंगला लावलेली असताना बिघाड झाला असेल, तर चार्जरवरील दिव्याचा रंग आणि त्या वेळी घरात वीज कशी होती, म्हणजे दिवे मंद झाले होते की एकदम प्रखर, हेही लिहून ठेवावे. ही माहिती चार दिवसांनी आठवत नाही आणि पुढे विमा कंपनीपासून ग्राहक आयोगापर्यंत सगळीकडे तीच विचारली जाते.

इन्सुलेशनची (म्हणजे वीज चासीकडे गळत असल्याची) किंवा उच्च दाबाच्या यंत्रणेची सूचना आली असेल, तर गाडी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. ती गोठ्यापासून, कुटाराच्या ढिगापासून आणि कापूस साठवलेल्या खोलीपासून दूर, मोकळ्या जागेत उभी करावी. बॉनेटखालील नारिंगी रंगाच्या केबलला गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला हात लावू देऊ नये, मग तो ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये कितीही तरबेज असो. त्या केबलमध्ये सुमारे ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी दाब असू शकतो आणि गाडी बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तो काही मिनिटे टिकतो.

गाडी हलवायची झाल्यास चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवावा. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते, कारण चाके फिरली की मोटरही फिरते, ती जनित्रासारखी वीज तयार करते आणि ती वीज आधीच बिघडलेल्या कंट्रोलरमध्ये शिरते. विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची जोडसेवा घेतली असेल, तर तिच्यात किती किलोमीटरपर्यंतची वाहतूक मोफत आहे हे आधी पाहावे. ग्रामीण भागात ती मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा वरच्या अंतराचा दर ट्रक निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.

आधी बारा व्होल्टची बॅटरी

जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक कारमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. गाडीचे सगळे संगणक, दरवाजांची कुलुपे आणि मोठी बॅटरी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे मोठे विद्युत स्विच, तिच्यावरच चालतात. ती कमजोर झाली की गाडीतील निरनिराळे कंट्रोलर एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि पडद्यावर एकाच वेळी ब्रेक, स्टिअरिंग, मोटर, चार्जिंग अशा पाच-सहा सूचनांची रांग लागते. मालकाला वाटते की गाडी संपली, आणि घाईने तपासणी करणाऱ्यालाही तसेच वाटू शकते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अशा उष्णतेत लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून विदर्भात ही शक्यता सर्वांत आधी तपासली पाहिजे.

ही तपासणी तालुक्याच्या गावातील कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन साध्या मल्टिमीटरने करू शकतो. गाडी काही तास बंद ठेवल्यावर या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली दिसले तर ती रिकामी तरी आहे किंवा निकामी तरी. त्यानंतर गाडी चालू स्थितीत आणून, म्हणजे पडद्यावर ‘रेडी’ आल्यावर, पुन्हा मोजावे. आता आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान गेला, तर मोठ्या बॅटरीवरून बारा व्होल्टची बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतो आहे. तो जुन्याच जागी राहिला, तर दोष कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या फ्यूज-वायरिंगमध्ये आहे. बॅटरीचे टर्मिनल आणि चासीला जोडलेली निगेटिव्ह वायर गंजली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. नवी बारा व्होल्टची बॅटरी काही हजार रुपयांत मिळते. ती बसवून, गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे जुने कोड पुसून, पुन्हा कोणते कोड येतात हे पाहिल्याशिवाय मोठ्या कोटेशनवर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष नेमका कोणत्या डब्यात आहे

इथे थोडी समज असलेल्या मालकाचे पुष्कळ पैसे वाचतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

घरच्या सॉकेटवरून किंवा भिंतीवरच्या चार्जरवरून येणारी वीज एसी असते. तिचे डीसीमध्ये रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. महामार्गावरचा फास्ट चार्जर मात्र डीसी वीज थेट बॅटरीला देतो आणि ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालतो. म्हणून घरी चार्ज न होणारी गाडी फास्ट चार्जरवर चार्ज होत असेल, तर मोठी बॅटरी आणि तिचे नियंत्रण बहुधा ठीक असून दोष ऑनबोर्ड चार्जरमध्ये, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये किंवा आपल्या घरच्या विजेत आहे. पुढची पायरी सोपी आहे: तीच गाडी दुसऱ्याच्या घरी, चांगल्या अर्थिंगवर आणि दुसऱ्या पोर्टेबल चार्जरने लावून पाहावी. कित्येकदा बिघडलेला असतो तो डिकीत ठेवलेला पोर्टेबल चार्जर. तो ऑनबोर्ड चार्जरच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो.

गाडी दोन्ही प्रकारे चार्ज होते, पण रस्त्यावर ताकद देत नाही किंवा मध्येच बंद पडते, तर रोख मोटरला वीज पुरवणारा मोटर कंट्रोलर, थंड करणाऱ्या पाण्याचा पंप किंवा बॅटरीच्या व्यवस्थापन यंत्रणेकडे जातो. कूलंट कमी असणे किंवा पंप बंद पडणे हे स्वस्तातले दोष आहेत आणि त्यांच्यामुळे कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. विदर्भाच्या मे महिन्यात हे अधिकच घडते.

इन्सुलेशनचा दोष सर्वांत फसवा असतो. उच्च दाबाच्या मंडलातून कुठेही चासीकडे गळती झाली की गाडी तीच एक सूचना देते. ती गळती बॅटरीत असू शकते, पण एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरमध्ये, हीटरमध्ये, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये शिरलेल्या पाण्यात किंवा नाल्याच्या पुरातून गाडी काढताना ओल्या झालेल्या कनेक्टरमध्येही असू शकते. त्यासाठी एकेक भाग सोडवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासावे लागते. हे काम वेळखाऊ असल्यामुळे ते टाळून थेट बॅटरीचे नाव घेतले जाते. ‘प्रत्येक भागाचे इन्सुलेशन वेगवेगळे मोजले का आणि आकडे काय आले’ हा प्रश्न लेखी विचारावा. आकडे नसतील, तर निदानही झालेले नाही.

आणि उंदीर. सोयाबीन-तुरीची पोती ठेवलेल्या जागेजवळ गाडी उभी राहत असेल, तर बॉनेटखालच्या बारीक वायरी आधी नजरेखालून घालाव्यात. कमी दाबाची कुरतडलेली वायर जोडता येते. नारिंगी केबल मात्र जोडायची नसते, बदलायचीच असते.

दोष ऑनबोर्ड चार्जरपुरताच असल्याचे ठरले, तर गाडी फास्ट चार्जरवर चालवत राहून शांतपणे निर्णय घेण्याइतका वेळ मिळतो. मात्र काही गाड्यांत ऑनबोर्ड चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच डब्यात असतात. तिथे कन्व्हर्टरही गेला असेल, तर बारा व्होल्टची बॅटरी रिकामी होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते, म्हणून वर सांगितलेली व्होल्टची चाचणी केल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये.

वॉरंटी खरोखर संपली आहे का

वॉरंटी एक नसते, तीन-चार असतात. सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्हीला बॅटरी आणि मोटरसाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, तर उरलेल्या गाडीसाठी ३ वर्षे किंवा १,२५,००० किलोमीटर अशी वेगळी मुदत होती. ऑनबोर्ड चार्जर, कन्व्हर्टर आणि कंट्रोलर यांपैकी काय कोणत्या मुदतीत मोडते, हे प्रत्येक कंपनीच्या आणि प्रत्येक वर्षाच्या पुस्तिकेत निराळे असते. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. पुस्तिकेतील त्या ओळीवर बोट ठेवायला सांगावे. बॅटरीच्या व्यवस्थापनाचे सर्किट बॅटरीच्या पेटीतच बसवलेले असेल, तर ते बॅटरीच्या वॉरंटीत धरले जावे, अशी मागणी करणे रास्त आहे. अलीकडे काही कंपन्या पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी देतात, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर होताच ती मुदत कमी होते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये.

वॉरंटीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे रिकॉल. कंपनीने सदोष भागासाठी गाड्या परत बोलावल्या असतील, तर ती दुरुस्ती मोफत असते. हुंदाईने आयोनिक ५ आणि किआने ईव्ही६ या गाड्या २०२४ मध्ये भारतात परत बोलावल्या, त्या नेमक्या अशाच डब्यासाठी, ज्यात ऑनबोर्ड चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकत्र असतात. आपल्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून ‘या क्रमांकावर रिकॉल, सर्व्हिस मोहीम किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का’ असे ईमेलने विचारावे. उत्तर ईमेलनेच घ्यावे.

आणखी एक जागा अशी आहे की जिथे बहुतेक मालक आपला हक्क सोडून देतात. हाच दोष वॉरंटी चालू असताना एकदा आला होता, तक्रार केली होती आणि ‘दोष आढळला नाही’ असे सांगून गाडी परत दिली होती का? असेल, तर त्या दिवसाचे जॉब कार्ड शोधावे. हरवले असल्यास सर्व्हिस सेंटरच्या संगणकातून त्याची प्रत मागावी. दोषाची सुरुवात वॉरंटीत झाल्याचा त्याहून भक्कम पुरावा दुसरा नसतो.

कोटेशन वाचणे आणि कंपनीला पत्र लिहिणे

एका ओळीत एक रक्कम लिहिलेले कोटेशन स्वीकारू नये. भागाचा क्रमांक, भागाची किंमत, मजुरी, कूलंटसारख्या गोष्टी, नवा भाग गाडीच्या संगणकाशी सॉफ्टवेअरने जोडण्याचे शुल्क आणि जीएसटी हे सर्व वेगवेगळे लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे; त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. समजा, भाग १,१०,००० रुपयांचा आहे, तर त्यावर १९,८०० रुपये कर लागून तो १,२९,८०० रुपयांना पडेल. जुने कोटेशन फिरवून दाखवले जात असेल, तर हा हिशेब त्यातली तफावत उघड करतो. सोबत आढळलेल्या कोडची छापील यादी, नव्या भागावर मिळणारी वॉरंटी आणि जुना भाग परत मिळणार की नाही, याचेही उत्तर घ्यावे. जुना भाग मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. अदलाबदलीच्या योजनेत किंमत कमी करून दिली नसेल, तर तो आपलाच आहे.

यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ‘गुडविल’ म्हणून खर्चात वाटा उचलण्याची विनंती करावी. वॉरंटी नुकतीच संपली असेल, गाडीचे सर्व सर्व्हिसिंग वेळेवर अधिकृत ठिकाणी झाले असेल आणि दोष वापरणाऱ्याच्या चुकीने आलेला नसेल, तर कंपन्या कधी भागाची काही किंमत, तर कधी मजुरी सोडतात. हा हक्क नाही. त्यामुळे पत्राचा सूर तक्रारीचा नसावा आणि विनवणीचाही नसावा. पत्र एका पानाचे असावे: खरेदीची तारीख, चासी क्रमांक, किलोमीटर, सर्व्हिसिंगच्या तारखा, दोष प्रथम दिसला तो दिवस, आढळलेले कोड, कोटेशनची रक्कम आणि शेवटी नेमकी मागणी. ‘योग्य ती मदत करावी’ असे लिहिले, तर योग्य ते उत्तर येते आणि मदत येत नाही. ‘भागाच्या किमतीपैकी अमुक टक्के रक्कम कंपनीने सोसावी आणि पंधरा दिवसांत कळवावे’ असे लिहिले, तर त्या कागदावर कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. पत्र डीलरमार्फतही द्यावे, कारण गुडविलची शिफारस बहुधा तिथूनच वर जाते, आणि सर्व्हिस मॅनेजरशी भांडण करून आलेल्या माणसाची शिफारस कोणी उत्साहाने करीत नाही.

विमा कुठे उपयोगी पडतो

मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेला असतो. पण आग, वीज पडणे, पूर, वादळ आणि अपघात यांनी झालेले नुकसान त्यात येते. विदर्भात मॉन्सूनच्या तोंडावर विजा पडून घरातले टीव्ही, मोटारपंप जळणे ही नवलाई नाही, आणि त्याच वेळी चार्जिंगला लावलेल्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर जळाला असेल, तर दावा करण्यास जागा आहे. त्यासाठी गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर बोलवावा. त्याच विजेने शेजाऱ्यांची उपकरणे जळाली असतील तर त्यांचे लेखी जबाब, तलाठ्याचा पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत आणि महावितरणकडे १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक, हे सर्व एकत्र ठेवावे. पुराचे पाणी शिरलेल्या गाडीच्या बाबतीत पाण्याची रेषा दिसेल असे फोटो धुण्याआधीच काढावेत. उंदराने वायरी कुरतडल्याच्या दाव्यावर मात्र विमा कंपन्या निरनिराळी भूमिका घेतात. पॉलिसीतील शब्द वाचूनच दावा करावा. झीरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड नसेल, तर प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम वजा होते, हेही आधीच गृहीत धरावे.

डबा उघडून दुरुस्त करून घेणे

ऑनबोर्ड चार्जर, कन्व्हर्टर आणि कंट्रोलर यांच्या आत मॉस्फेट व आयजीबीटी (हे दोन्ही इलेक्ट्रॉनिक स्विच), डायोड, कपॅसिटर, रिले आणि फ्यूज असतात. तत्त्वतः हे भाग बदलता येतात. नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत औद्योगिक ड्राइव्ह, मोठे यूपीएस आणि सौर कृषिपंपांचे कंट्रोलर दुरुस्त करणारे कारागीर आहेत, आणि त्यांना ही मूळ विद्या ठाऊक असते. तरीही गाडीचा डबा आणि पंपाचा कंट्रोलर यांत फरक आहे. गाडीच्या डब्यात पुष्कळदा सिलिकॉनचे जेल भरलेले असते, ते न खरवडता आत पोहोचता येत नाही. पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचे सील पुन्हा घट्ट बसले नाही, तर कूलंट आत गळून आधी वाचलेला भागही जळतो.

म्हणून कारागिराला काम देण्यापूर्वी विचारावे: याच गाडीचा हाच डबा पूर्वी दुरुस्त केला आहे का; दुरुस्तीनंतर तो पूर्ण भारावर टेबलावर चालवून दाखवणार का; इन्सुलेशनची चाचणी देणार का; बिल आणि किमान सहा महिन्यांची हमी देणार का. यांपैकी दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर डबा उचलून परत यावे. बॅटरीची वॉरंटी अजून शिल्लक असलेल्या गाडीची बॅटरी पेटी बाहेर कुठेही उघडू नये, आणि उच्च दाबाचा डबा काढण्या-बसवण्याचे काम शक्यतो अधिकृत ठिकाणीच करून घ्यावे, म्हणजे पुढे बॅटरीचा दावा नाकारायला निमित्त मिळणार नाही. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये आणि सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावीत, असे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटले होते. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. पण निव्वळ आदेशाच्या आधारावर आपली ८ वर्षांची वॉरंटी पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

अपघातग्रस्त गाडीतून काढलेला जुना डबा हाही एक मार्ग आहे. त्याचा भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, तो कोणत्या चासी क्रमांकाच्या गाडीतून काढला हे बिलावर लिहिलेले असले पाहिजे, आणि आपल्या गाडीच्या संगणकाशी तो जोडून कोण देणार हे आधी ठरले पाहिजे. अनेक डबे सॉफ्टवेअरने मूळ गाडीशी बांधलेले असतात. जोडून देणारा सापडला नाही, तर स्वस्तात आणलेला डबा घरात पडून राहतो.

दाद मागणे

सदोष भाग, चुकीचे निदान किंवा सुटा भाग न मिळणे यांबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच हलतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले असून मोटार हे क्षेत्र त्यात आहे. त्याने काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी यवतमाळच्या माणसाने यवतमाळलाच जावे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. मात्र उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. जळालेला भाग भंगारात गेला असेल, तर तपासायला काही उरत नाही. जुना भाग परत मागण्याचे हेही एक कारण आहे.

पैसे येईपर्यंत गाडी उभी ठेवायची असल्यास

शेतीवर घर चालत असेल, तर जूनमध्ये आलेला लाखाचा खर्च सोयाबीन निघेपर्यंत किंवा कापूस विकेपर्यंत पुढे ढकलावा लागतो. कर्ज काढून घाईने दुरुस्ती करण्यापेक्षा ते बरे, पण मोठी बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देता कामा नये. शून्यावर महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी कायमची खराब होऊ शकते आणि तिच्या वॉरंटीवरही प्रश्न उभा राहतो. फास्ट चार्जिंग चालत असेल, तर गाडी निम्म्याच्या आसपास चार्ज करून सावलीत उभी करावी, गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि महिन्यातून एकदा टक्केवारी पाहावी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशाहून अधिक होत असेल आणि बॅटरीची वॉरंटीही संपत आली असेल, तर गाडी आहे त्या स्थितीत, दोष उघडपणे सांगून विकण्याचा विचार माझ्या मते आधी करावा.

दुरुस्त गाडी घरी आणण्यापूर्वी

ऑनबोर्ड चार्जर आपोआप जळण्यापेक्षा घरच्या विजेने जळण्याची शक्यता आपल्या भागात दुर्लक्षिता येत नाही. गावच्या डीपीवर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दिवे एकदम प्रखर होणे ही त्याची खूण. तसे कधी झाले असेल, तर लाईनमनला तोंडी सांगून न थांबता महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी आणि नवा भाग बसवण्याआधी न्यूट्रल दुरुस्त झाल्याची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि त्याचा रोध वाढतो. अशा वेळी पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो, आणि एखादा वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून तो दिवा हिरवा करून देतो. ही जोडणी जिवावर बेतू शकते: न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यावर वीज उतरते. असा तुकडा सॉकेटमध्ये आढळला, तर तो काढून नवा अर्थिंग खड्डा करावा, उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे आणि अर्थ टेस्टरने मोजून रोध ५ ओहमच्या आत आणावा.

गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तांब्याची वायर ओढावी. तिच्यावर जादा प्रवाह तोडणारा एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी, सर्जपासून (दाबाच्या क्षणिक उसळीपासून) बचाव करणारे उपकरण आणि दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले बसवावा. फ्रिजचा स्टॅबिलायझर या कामाचा नाही. पोर्टेबल चार्जर तासन्‌तास १० ते १५ अँपिअर ओढतो आणि तो स्टॅबिलायझर तापतो. कृषिपंपाच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करू नये. त्या फीडरवर दाब फार खालीवर होतो, शिवाय मंजूर वापराव्यतिरिक्त विजेचा वापर हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दंडाला पात्र आहे. ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढून ठेवावा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही.

दुरुस्तीनंतरचे पहिले दोन-तीन चार्जिंग दिवसा, माणूस जवळ असताना करावेत. पहिल्या तासाभराने प्लग, सॉकेट आणि एमसीबी हाताला गरम लागतात का ते पाहावे आणि गाडीत चार्जिंगचा वेग कमी करण्याची सोय असेल, तर सुरुवातीला तो कमीच ठेवावा. नव्या भागाचे बिल, त्याचा क्रमांक, जोडणीनंतरची कोडची कोरी यादी आणि अर्थिंगच्या मोजमापाची नोंद एकाच फाइलमध्ये लावावी. नव्या भागाच्या वॉरंटीची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी गाडी एकदा स्कॅन करून घ्यावी आणि त्या स्कॅनचा कागदही तिथेच जोडावा.